उघाडी

महापेच्या तिसऱ्या मजल्यावर खिडकी उघडत नाही.
गारवा मशिनींसाठी असतो.
आपण स्वेटर घालून पाहुण्यासारखे बसायचं.

दोन चाळीसला रुबीना दळवी,
ट्रेनिंगचा सहावा आठवडा,
खुर्ची फिरवून म्हणाली,
"सर, मी काहीतरी झालेय."

तिच्या ओळीच्या सुरुवातीचं डॉलरचं चिन्ह गेलं होतं,
तिथे हॅश आला होता,
चार रेघांचा, पोलीस चौकीच्या गजासारखा.
ती रूट झाली होती.
दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती,
चुकून एखादी कळ दाबली गेली
तर रबाळ्यापर्यंतचे दिवे जातील अशी.

कर्नलची चूक नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो.
तो प्रत्येक दारात एवढंच विचारतो:
मालक? गटातला? की इतर?
वाचायचंय, लिहायचंय, की चालवायचंय?
चेहरा बघत नाही,
"साहेबांनी पाठवलंय" हे त्याला ऐकूच येत नाही.
कामापुरती मालकाची शाल ज्या प्रोग्रामच्या अंगावर असते
त्याच्यात परक्यानं एक अक्षर गिरवलं
तरी शाल तिथल्या तिथे उतरवून घेतो.
रागावत नाही. नोंदही मोठ्यानं करत नाही.

पण शाल पांघरलेला आमचा बॅकअप
कामं वाचायचा शेजारच्या एका यादीतून,
आणि यादीवर होतं ७७७.
या, वाचा, लिहा, चालवा, कुणीही.
गाडं अडतंय कुठे ते बघायला
रुबीनानं यादीत शेल उघडायची एक ओळ घातली
आणि शाल आपोआप तिच्या खांद्यावर आली.
यादी साधी फाइल. तिला कोण काय विचारणार?

घणसोलीला खारभूमीच्या बांधावर
पोशाकाका उघाडी राखायचा.
उघाडी म्हणजे बांधातली लाकडी झडप.
ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून खाडीत जातं,
भरतीचं पाणी आपल्याच जोरानं तिला मिटवतं.
जितका जोर, तितकी घट्ट.
तिला राखणदाराची गरज नव्हती खरं तर.
काका बांधच चालत राहायचा, वाकून, बोटांनी चाचपत.

एका भरतीला खांड पडली.
झडप जागच्या जागी, मिटलेली,
आणि तिच्यापासून दहा पावलांवर
बांधच नाही.
मी सात वर्षांचा. दगड घेऊन खेकडा शोधत होतो.
काका म्हणाला,
"खेकऱ्याला कनाला शिव्या? बिल आपून बुजवाचा व्हता."

यादीचा इतिहास उघडला.
कुणी केलं ७७७, कधी केलं.
चार वर्षांपूर्वी, गणपतीच्या आदल्या संध्याकाळी.
शेजारी एकच शब्द: तात्पुरतं.
खाली माझं नाव.

मखर अर्धवट होतं तेव्हा, आठवतं.
काम अडलं होतं, फोन वाजत होता,
आणि तीन सातांनी सगळं सुरळीत झालं.
सुरळीत झालेल्या गोष्टीकडे परत कोण बघतं?

रुबीनानं विचारलं, "मला काढतील का?"
मी यादी मालकाच्या नावावर केली,
इतरांचं लिहिणं काढलं, गटाचंही.
बॅकअपची शाल उतरवली,
त्याला लागतो तेवढाच एक अधिकार हातात दिला.
मग शोधायला बसलो
आणखी कुठे कुठे तीन सात आहेत ते.
अकरा निघाले.
त्यातले चार माझेच.

अहवालात कारणाच्या रकान्यात नाव लिहायचं होतं.
ते लिहिलं. इंग्रजीत ते तितकंसं लाजिरवाणं दिसत नाही.

"आता बाहेर ये," मी म्हटलं.
तिनं हात मांडीखालून काढले, दोन बोटांनी एक्झिट टाइप केलं.
डॉलर परत आला.
"आता पुन्हा आत जाऊन बघ."
गेली. तीच ओळ, तोच रस्ता.
परवानगी नाकारली.
"पुन्हा."
नाकारली.
तिसऱ्यांदा ती न सांगताच गेली,
नाकारलं गेल्यावर इतकं खूश झालेलं माणूस
मी क्वचितच पाहिलंय.

खारभूमीवर आता पार्किंग आहे.
उघाडीचं एक बिजागर तेवढं आमच्याकडे उरलंय,
न्हाणीच्या दाराला लावलेलं.
तेल घातलं तरी करकरतं,
आणि दार एकाच बाजूला उघडतं.